माझा धसका नेमका कशाचा?

एका भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देते.

"माझे वय ४१. माहेर लोहारा तालुक्यातले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माय आणि धाकटा भाऊ गेले. मी नऊ वर्षांची होते, दुपारपर्यंत मातीखाली होते. चुलत्याने वाढवले आणि सतराव्या वर्षी लग्न लावून दिले. नवरा पिऊन मारायचा. २०१५ च्या दुष्काळात कर्जापायी त्याने वावरात जीव दिला, आणि सगळ्यात आधी तो मलाच दिसला. आता लेकराच्या शिक्षणासाठी नांदेडला राहते, मेसमध्ये स्वयंपाक करते. २०२४ च्या मार्च महिन्यात सकाळी जमीन हलली, तेव्हापासून झोप नाही. ट्रक गेला तरी दारात पळते. मागून कोणी आले की हातातले भांडे पडते. लेकरावर ओरडते आणि मग रडते. नणंद देवऋष्याकडे घेऊन गेली. एका दवाखान्यात झोपेची गोळी दिली, ती सहा महिने घेते आहे. सगळे म्हणतात, इतकी वर्षे झाली, आता विसर. कधी कधी वाटते, आपणही संपवावे. एवढ्या सगळ्यातले मला नेमके कशाचे झाले आहे? कोणत्या दुःखापासून सुरुवात करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी सलग वाचू शकले नाही, मध्ये दोनदा बाजूला ठेवावे लागले. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, परंतु त्याआधी त्याच्या वरच्या ओळीविषयी बोलणे भाग आहे. "आपणही संपवावे" असे तुम्ही लिहिले आहे. हा विचार नुसता येऊन जातो, की कसे आणि केव्हा करायचे इथपर्यंत मन पोहोचते? दुसरे उत्तर खरे असेल, तर पुढचे काहीही वाचण्याआधी १४४१६ हा क्रमांक लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. शेतीचे औषध किंवा फवारणीचा जुना डबा खोलीत कुठे पडून असेल, तर तो आजच घराबाहेर काढून दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या. असा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती लाट अंगावर असताना घातक वस्तू हाताशी नसणे, एवढ्यानेही पुष्कळ माणसे वाचतात. आणि हा विचार बोलून दाखवल्याने बळावत नाही, म्हणून मेसमधील ज्या बाईवर तुमचा विश्वास आहे, तिला तरी हे सांगा.

आता तुम्हाला काय झाले आहे त्याविषयी. केवळ पत्रावरून निदान करणे योग्य नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांनी समोर बसवून करायचे काम आहे. तरीही तुम्ही जे लिहिले आहे, ते ज्याला आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी म्हणतात त्याच्याशी फार जुळते. हे नाव वैद्यकीय वर्गीकरणात १९८० साली आले. आपल्याकडच्या बायकांजवळ मात्र त्याआधीपासून एक शब्द होता: धसका. "पोरीने धसका घेतला" असे म्हणताना आपल्या आज्या जे सांगत असत, त्यात या आजाराचे बरेचसे वर्णन येऊन जाते. नको असलेला प्रसंग जागेपणी आणि स्वप्नात पुन्हा पुन्हा समोर येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे आणि बोलणी टाळणे, मनात अपराधाची किंवा परकेपणाची भावना घर करून बसणे आणि शरीर सतत सावध, दचकते, चिडके राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे. ती महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, की त्याला आजार म्हणतात. तुम्हाला वेड लागलेले नाही आणि कोणाचे बाहेरचेही लागलेले नाही.

"इतकी वर्षे झाली, आता विसर" असे सांगणारी माणसे वाईट नसतात, पण त्यांना या आजाराची एक खोड ठाऊक नसते. साध्या आठवणीवर तारीख असते. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची आठवण आली, तर ती तेव्हाची गोष्ट आहे हे मनाला सांगावे लागत नाही. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण मात्र पुष्कळदा तारखेविनाच साठवली जाते, कारण त्या घटकेला मेंदूची सगळी शक्ती जीव वाचवण्यात गुंतलेली असते आणि प्रसंगाची नीट नोंद करण्याचे काम मागे पडते. नंतर तशीच एखादी हालचाल, वास किंवा आवाज आला, की शरीर ती आठवण "आत्ता" म्हणूनच उघडते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. तुमच्या शेजाऱ्यांसाठी ते काही क्षणांचे हादरे होते, चहा होईपर्यंत त्यावर गप्पा झाल्या आणि विषय संपला. तुमचे शरीर मात्र त्या क्षणी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांवर जाऊन पोहोचले. २०२४ च्याच जुलैमध्ये हिंगोलीत पुन्हा तेवढाच धक्का बसला आणि जे थोडे स्थिरावत होते तेही उखडले गेले, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही तिन्ही दुःखे जणू तराजूत घालून बघता आहात. भूकंप मोठा म्हणून तो खरा, मार काय सगळ्याच बायका खातात म्हणून तो लहान, आणि नवऱ्याच्या मरणाविषयी काय वाटावे तेच कळत नाही म्हणून ते मोजायचे नाही, असा तो हिशेब आहे. हा हिशेब सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे आघात एकमेकांच्या जागी येत नाहीत, ते एकावर एक साठत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी एखादा भयंकर प्रसंग येतो, पण त्यांपैकी ५.६ टक्के लोकांनाच पुढे हा विकार जडतो. तो कोणाला जडतो यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नसतो. आघात किती वेळा झाले, कोणत्या वयात झाले, ते माणसानेच केले होते का आणि नंतर जवळ कोण होते, यांवर बरेच काही अवलंबून असते. नवव्या वर्षी आई गेली, सतराव्या वर्षी मार सुरू झाला आणि एकतिसाव्या वर्षी पतीचे शव पाहावे लागले. एवढ्यानंतरही तुम्ही रोज शंभर मुलींच्या पोळ्या लाटून मुलाला शिकवता आहात. तुमचे शरीर थकले असेल तर त्यात नवल नाही.

खरे सांगायचे तर या तिघांपैकी ज्याला तुम्ही सर्वांत कमी ओळी दिल्या आहेत, त्याच्याविषयी मला जास्त काळजी वाटते. भूकंपानंतर गावात लष्कर आले, देशभरातून धान्य आणि कांबळी आली, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, पत्र्याच्या शेडमध्ये का होईना बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ते दुःख अख्ख्या मुलखाचे होते आणि त्याला नाव होते. आजही आपल्याकडे वय सांगताना "भूकंपाच्या आधीचा" किंवा "नंतरचा" असे म्हणतात. दाराआड अनेक वर्षे चाललेल्या मारहाणीला मात्र कोणी आपत्ती म्हटले नाही, त्यासाठी कोणी कांबळे घेऊन आले नाही, उलट चुलत्याने तुम्हाला दोनदा परत नेऊन सोडले. ज्या माणसाजवळ सुरक्षित वाटायचे, त्याच्याच पावलांचा अंदाज घेत वर्षानुवर्षे जगावे लागले, की नुसती भीती उरत नाही, माणसाचे स्वतःविषयीचे मत बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, यासाठी स्वतंत्र निदान दिले आहे: गुंतागुंतीचा आघातोत्तर तणाव विकार. त्यात नेहमीच्या लक्षणांखेरीज तीन गोष्टी असतात. भावना एकदम उसळणे किंवा अगदी बधिर होणे, आपण कवडीमोलाचे आहोत असे वाटत राहणे, आणि कोणाच्याही जवळ जाणे अवघड होणे. लेकरावर ओरडून मग रडणे, "मी पांढऱ्या पायाची" असे स्वतःच लिहिणे आणि बहिणीसारख्या मैत्रिणीचा फोन न उचलणे, या तुमच्या तीन ओळी मला त्या तीन गोष्टींच्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

पांढऱ्या पायांविषयी थोडे थांबून बोलू या. पत्राच्या तिसऱ्या पानावर, समासात, तुम्ही लिहिले आहे की भूकंपाच्या रात्री गणपती बोळवून घरी आल्यावर भिंतीकडची जागा तुम्ही भावाला दिलीत, कारण तुम्हाला मायेजवळ झोपायचे होते. एवढी वर्षे तुम्ही हे कोणाला सांगितले नव्हते, म्हणून मी तिकडे काळजीपूर्वक वळते आहे. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातील घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन फुटांहून जाड होत्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते आणि वर मातीच्या माळवदाचा प्रचंड भार होता. हादरा बसताच भिंती फुटून पडल्या आणि वरचे छत झोपलेल्या माणसांवर आले. हा प्रदेश त्या वेळी देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. नकाशा काढणाऱ्या तज्ज्ञांना जे ठाऊक नव्हते, ते नऊ वर्षांच्या मुलीने ओळखायला हवे होते, असा आरोप तुम्ही स्वतःवर बत्तीस वर्षे करत आला आहात. मायेजवळ झोपावेसे वाटणे हे नऊ वर्षांच्या लेकराचे मागणे होते, त्यात दुसरे काही नव्हते. मला ठाऊक आहे की हे वाचून अपराधी भाव लगेच जाणार नाही, कारण तो तर्काने आलेलाच नाही. "मी काही तरी वेगळे केले असते तर" या विचारात दडलेला एक आधार असतो: सगळे आपल्या हातात होते, असे मानले की जग थोडे कमी भयानक वाटते. उपचारात या विचारावर हळूहळू काम करता येते. तोवर मी तुम्हाला एकच सुचवते. मेसच्या गल्लीत नऊ-दहा वर्षांची एखादी मुलगी खेळताना दिसली, तर तिच्याकडे नीट बघा, तिचे हात किती लहान आहेत ते बघा, आणि तो आरोप तिच्यावर ठेवता येतो का ते स्वतःला विचारा.

दुसरी गोष्ट तुम्ही याहून दबकत लिहिली आहे. पती गेले त्या दिवशी तुम्ही रडलात, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपलात. "हे पाप आहे का?" असे तुम्ही विचारता. ताई, हे पाप नाही. मारणारे माणूस परत घरी येणार नाही, हे शरीराला मनाच्या आधी कळले आणि ते झोपले. त्याच माणसासोबत तुम्ही पेरण्या केल्या होत्या, त्याच्या मुलाला जन्म दिला होता, आणि पाऊस नाही म्हणून तो बांधावर कसा बसून राही तेही तुम्ही पाहिले होते, म्हणून रडू आले. दोन्ही खरे आहे. शेतकरी आत्महत्येच्या घरातील विधवेने फक्त एकाच तऱ्हेचे दुःख करावे अशी अपेक्षा गाव, नातलग आणि भेटायला येणारे पुढारीही करतात, आणि ज्या बायकांनी आधी मार खाल्लेला असतो त्या या अपेक्षेखाली अक्षरशः गुदमरतात. तुमच्यासारख्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी त्या माणसाला माफ करावे किंवा करू नये, यावर मत देण्याचा अधिकार मला नाही. सुटका झाल्यासारखे वाटले आणि दुःखही झाले, हे एकाच वाक्यात म्हणायची मुभा मात्र त्यांना मिळालीच पाहिजे.

आता उपचारांकडे वळू. नणंदेने देवऋष्याकडे नेले त्याबद्दल तिच्यावर रागावू नका. तिला जो मार्ग माहीत होता त्यावर ती स्वतःचे पैसे खर्चून तुम्हाला घेऊन गेली. पण त्याने जर उपास, धुरी किंवा मारझोड सांगितली असेल, तर पुन्हा जाऊ नका. ज्या शरीराने आधीच एवढे सोसले आहे, त्यावर आणखी एक आघात नको. झोपेच्या गोळीविषयी मला अधिक स्पष्ट बोलावे लागेल. या प्रकारच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी असतात, सवय लावतात आणि या आजाराचे मूळ दुखणे त्यांनी बरे होत नाही. तरीही सहा महिन्यांनंतर ती एकाएकी बंद करू नका, त्यानेही त्रास होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करावी लागते. पीटीएसडीसाठी ज्यांचा उपयोग दिसून आला आहे अशी औषधे वेगळी आहेत, उदाहरणार्थ सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या पंधरवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते, आणि बरे वाटू लागले तरी ती अनेक महिने चालू ठेवावी लागतात. पुष्कळ रुग्ण दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडतात आणि औषधाला नावे ठेवतात. तुम्ही तसे करू नये म्हणून आधीच सांगितले.

औषधांहूनही ज्याचा भरवसा अधिक आहे, ते म्हणजे आघातावर केंद्रित मानसोपचार. त्याच्या काही पद्धती आहेत. एका पद्धतीत प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने तो प्रसंग ठरावीक गतीने पुन्हा पुन्हा सांगितला जातो. दुसरीत त्या प्रसंगातून मनात बसलेल्या समजुती तपासल्या जातात. ईएमडीआर नावाच्या तिसऱ्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल करवली जाते. एकाच प्रसंगासाठी साधारण ८ ते १२ बैठका लागतात, तुमच्यासारखे अनेक आघात असतील तर अधिक. या सगळ्यांचा हेतू आठवण पुसण्याचा नसतो. तिच्यावर तारीख घालण्याचा असतो. तुम्ही बरे झालात तर भावाला विसरणार नाही. भाऊ आठवेल, रडूही येईल, पण तुम्ही त्या क्षणी मातीखाली नसाल. आणि "कोणत्या दुःखापासून सुरुवात करू" याचे व्यवहारी उत्तर असे आहे की आधी झोप, घरातील सुरक्षितता आणि तो मरणाचा विचार यांवर काम होईल, आणि नंतर जी आठवण आज सर्वांत जास्त झोपेतून उठवते तिच्यापासून सुरुवात होईल, मग ती सर्वांत जुनी असो वा नसो. एका आठवणीची धार कमी झाली, की पुष्कळदा दुसऱ्याही थोड्या सैल होतात. उपचार करणाऱ्याने पहिल्याच भेटीत सगळे खोदून विचारायला सुरुवात केली, तर "आज एवढेच" असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

नांदेडमध्ये विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तेथे आधी जा. मेसमधून सुटी मिळणे अवघड आहे हे तुम्ही लिहिले आहे. "पोटाच्या दवाखान्यात जाते" असे सांगितलेत तरी माझी काही हरकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा अधिकार तुम्हाला दिलेला आहे आणि मालकाला ते कळण्याचे कारण नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांकडे फार वेळ नसेल, गर्दी असते, त्याने खट्टू होऊ नका. तिथल्या मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे पाठवण्याची विनंती करा आणि पुढच्या भेटीची तारीख हातात घेऊनच निघा.

रोजच्या दिवसासाठी काही गोष्टी सांगते. ट्रक गेला आणि छातीत धडधड सुरू झाली, की भान परत आणायला डोळे उघडे ठेवून तारीख म्हणा, मोठ्याने म्हणालात तर उत्तम. "आज अमुक वार, अमुक तारीख. मी नांदेडला आहे. हे घर सिमेंटचे आहे. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, तो शेजारच्या खोलीत अभ्यास करतो आहे. ट्रक गेला." दोन्ही तळपाय फरशीवर दाबा, गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवा, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. तुम्हाला कोणी ध्यानाच्या शिबिराला जायला सांगितले आहे, त्याबाबत मात्र जपून. काही रुग्णांना अंधारात डोळे मिटून शांत बसले की आठवणी अधिकच अंगावर येतात. तसे झाले तर ते तुमचे अपयश मानू नका, डोळे उघडे ठेवून चालणे किंवा भाकरी थापणे हेही तुमच्यासाठी तितकेच उपयोगी आहे.

दाराजवळ झोपता, उशाशी बॅटरी आणि चप्पल ठेवता, त्याबद्दल घरमालकीण हसते. हसू द्या. भूकंप सोसलेल्या माणसाने एवढी तयारी ठेवणे शहाणपणाचे आहे. रात्रीतून चार वेळा उठून भिंतीला हात लावून बघणे मात्र भीतीला खतपाणी घालते. ते चाराचे तीन, तिनाचे दोन असे कमी करा. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, तर दिवसाउजेडी वहीत ते लिहून त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा बदला, आणि बदललेले स्वप्न रोज दहा मिनिटे मनात घोळवा. हा उपाय साधा वाटतो, पण दुःस्वप्नांसाठी तो खरोखरच वापरला जातो. तुमच्या बाबतीत वर्षातून दोनदा कठीण दिवस येतात हेही ध्यानात ठेवा: एकदा अनंत चतुर्दशीला, जी पंचांगाप्रमाणे सरकते, आणि एकदा ३० सप्टेंबरला. त्या पंधरवड्यात ढोल-ताशाच्या आवाजाने तुम्ही कोसळता आणि आजार उलटला असे समजता. तो उलटलेला नसतो, तिथी आलेली असते. त्या दिवसांत जादा काम अंगावर घेऊ नका, त्या रात्री एकटे राहू नका, आणि आई-भावासाठी जे काही करावेसे वाटते, दिवा लावणे असो की कोणाला जेवू घालणे, ते दिवसा करा.

मुलाला किती सांगायचे, असे तुम्ही विचारले आहे. तो १९ वर्षांचा आहे आणि आई अशी का वागते याचा काही तरी अर्थ त्याने आधीच लावलेला असणार. बहुधा स्वतःलाच दोष देऊन. त्याला प्रसंगांचे बारकावे सांगू नका, विशेषतः त्याच्या वडिलांना तुम्ही कशा अवस्थेत पाहिले ते. एवढे पुरे आहे: "मी लहानपणापासून बरेच सोसले आहे, त्याचा मला आजार झाला आहे, त्याला उपचार आहेत आणि मी ते घेणार आहे. मी ओरडते तेव्हा चूक तुझी नसते." वडिलांनी मारल्याचे त्यालाही आठवत असेल. तो विषय त्याने काढला, तर नाकारू नका. तुमचा आवाज चढू लागला की त्याने काय करायचे हेही दोघांनी मिळून ठरवा. एका घरात मुलगा फक्त पाण्याचा तांब्या आईसमोर ठेवतो आणि बाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत येतो, आणि त्यांचे त्यावर बरे चालले आहे. आपल्या भागात रझाकारीच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या दहशतीच्या, दिवसांत शेतात लपलेल्या आज्यांनी ते कधी घरात सांगितले नाही, आणि संध्याकाळी दारे लवकर का लावायची हे नातवंडांना कधीच कळले नाही. मला वाटते, मुलाला कारण कळलेले बरे.

वावराचे काय करायचे, विकायचे की ठेवायचे, हा निर्णय यंदा घेऊ नका. पती गेल्यापासून तुम्ही वेळ अमावस्येलाही, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवायच्या आपल्या सणालाही, शेतात गेलेला नाहीत. भज्जी आणि आंबील घरीच करून शेजारी वाटता, असे लिहिले आहे. उपचार सुरू होऊन झोप जरा सुधारली, की याच गोष्टीवर बेतशीर काम करता येईल. पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या शेतात जा. पुढे कधी तरी आपल्या बांधापर्यंत, मुलाला सोबत घेऊन, सकाळच्या उन्हात. आत जायलाच हवे असे नाही. कोणी "देवाधर्माचे आहे, चल" म्हणून ओढून नेऊ लागले, तर नाही म्हणा. किती पावले पुढे जायचे हे फक्त तुम्हीच ठरवावे, कारण आजवर तुमच्या बाबतीत जे जे घडले ते सगळे तुम्हाला न विचारता घडले.

दवाखान्यात बोलायला सुचणार नाही, तोंडाला कोरड पडते, असे तुम्ही म्हणता. म्हणून खालचा मजकूर एका कागदावर उतरवून घ्या आणि केसपेपरसोबत डॉक्टरांच्या हातात द्या. एक शब्दही बोलावा लागला नाही तरी चालेल.

"वय ४१. नवव्या वर्षी भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकले, आई व भाऊ गेले. लग्नानंतर अनेक वर्षे मारहाण. २०१५ मध्ये पतीची आत्महत्या, शव सगळ्यात आधी मी पाहिले. मार्च २०२४ पासून झोप नाही, जुने प्रसंग समोर दिसतात, दचकते, राग आवरत नाही. मरणाचे विचार येतात. झोपेची गोळी सहा महिने चालू, चिठ्ठी सोबत जोडली आहे. मला पीटीएसडी आहे का ते तपासावे आणि समुपदेशनासाठी पाठवावे. माझ्या मागे उभे राहू नये, समोरून बोलावे."

शेवटचे वाक्य खोडू नका, ते मुद्दाम घातले आहे. मुलगा सोबत आला, तर त्याला आत बसवायचे की बाहेर, हे तुम्ही ठरवा. दुसऱ्या भेटीनंतर मला कळवा.